कामगंध सापळे लावताय? या चुका टाळा

"मावशी, सापळा भरूलाय की! लई भारी काम करूलाय." शेजारच्या गावातल्या पोराचा फोन होता. बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, अर्धा एकर कारल्याचा मांडव. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. कामगंध सापळा म्हणजे गंधाची गोळी टांगलेली बाटली, किडीचे नर त्या वासाला भुलून आत येतात. बाटलीत माश्यांचा खच पडला होता हे खरं. पण मांडवाखाली वाकडी, अवेळी पिवळी पडलेली कारली पाटीभर निघाली. एक फोडलं तर आत पांढऱ्या अळ्या. उजेडात येताच एकीनं अंग दुमडून टुणकन उडी मारली.

सापळा भरलेला आणि पीक गेलेलं, हे मी इतक्या मांडवांत पाहिलंय की कारण फोनवरच कळतं. तरी गेले, कारण माशी हातात घेऊन दाखवल्याशिवाय पटत नाही. बाटलीतली एक तळहातावर ठेवली. पाठ काळपट, दोन कडांना दोन पिवळे पट्टे, पंख जवळजवळ स्वच्छ, फक्त वरच्या कडेला बारीक काळी रेघ. ही आंब्या-पेरूची माशी. कारल्या-काकडीची माशी तांबूस असते, तिच्या पाठीवर मधोमध तिसरा पिवळा पट्टा असतो आणि पंखाच्या टोकाला मोठा डाग. तसली एकही बाटलीत नव्हती. बांधावर आंब्याची 4 झाडं आहेत, तिथल्या माश्या पोरानं मांडवात बोलावून घेतल्या होत्या.

चूक दुकानात झाली होती. मराठीत दोघींना फळमाशीच म्हणतात, कन्नडमध्येही दोघींना हण्णिन नोण. त्यानं फळमाशीचं औषध मागितलं, दुकानदारानं मिथाइल युजेनॉलची, म्हणजे आंब्या-पेरूच्या माशीला ओढणाऱ्या द्रव्याची, गोळी काढून दिली. वेलवर्गीय पिकाला क्यू ल्युर हे वेगळं गंधद्रव्य लागतं. म्हणून मी किडीचं नाव सांगतच नाही, पिकाचं सांगते. "हागलकाईला (कारल्याला) पाहिजे" म्हणते आणि पाकिटावरचं नाव वाचून घेते. कन्नड वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला बरोबर न्या. त्यात कमीपणा नाही, अख्खा हंगाम वाचतो.

गंध हा नाव घालून धाडलेला निरोप असतो. ज्याचं नाव, तोच येतो. मिथाइल युजेनॉल काही झाडांत मुळातच असतं, तुळशीतसुद्धा. आंब्याच्या दिवसांत वृंदावनातलं पान चुरगळलं तर नर माश्या त्यावर बसून चाटताना दिसतात. खाल्लेल्या त्या द्रव्यापासून नर मादीला भुलवणारा स्वतःचा गंध बनवतो. बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञानं 1915 च्या सुमारास याच द्रव्याची ओढ नोंदवली होती. एवढी जुनी गोष्ट, तरी आपण अजून चुकीची गोळी टांगतो.

दुसरी चूक मला पहिलीपेक्षा जास्त छळते. गोळी बरोबर असली तरी सापळ्यात नरच येतात. अंडी घालते मादी, आणि वाचलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. सापळा टांगला म्हणजे काम संपलं असं समजून खाली पडलेली कारली कुजू देणं म्हणजे माश्यांची शेती करणं. त्यातली अळी बाहेर पडते, मातीत शिरते, कोष करते आणि पुढची पिढी तयार. मी रोज सकाळी बादली घेऊन मांडवाखालून फिरते. किडकी फळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधते आणि उन्हात टाकते. उकिरड्यावर कधीच नाही. हे कंटाळवाणं काम नको असेल त्यानं सापळ्यावरही पैसे घालवू नयेत.

तंबाखू मळलेल्या हातानं गोळी लावू नका. किती थोडा गंध पुरतो ते पाहा: कीटकाचा कामगंध पहिल्यांदा ओळखला तो बुटेनांट या जर्मन शास्त्रज्ञानं 1959 साली, रेशीम पतंगाचा. सुमारे 5 लाख माद्या वापरून हाती आले जेमतेम काही मिलिग्रॅम, म्हणजे एका मादीचा गंध अगदी नावालाच. मग बोटाला लागलेला एका गोळीचा वास दुसऱ्या गोळीला लागला तर काय होईल? याच कारणानं एका सापळ्यात दोन किडींच्या गोळ्या टांगू नका.

निपाणीकडे सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळीला स्पोडोप्टेरा लिट्युराची गोळी लागते, घाटेअळीची नव्हे. मक्याच्या लष्करी अळीची तिसरीच. गोळीची तारीख सापळ्यावर लिहा, तीन-चार आठवड्यांनी बदला. जुनी गोळी शेतात फेकू नका, तीही बोलावत राहते. सापळा पिकाच्या शेंड्याच्या फूटभर वर ठेवा, पीक वाढेल तसा तोही वर न्या.

गंधाची हाक सापळ्यापुरतीच नसते. मधमाशी चावली तर तिथेच चिरडू नका. डंखातून केळ्यासारखा वास सुटतो, तो बाकीच्यांना धोक्याची हाक देतो. शांतपणे लांब जा.

मक्याबद्दल मात्र थांबून सांगते. 2018 मध्ये लष्करी अळी भारतात पहिल्यांदा कर्नाटकातच सापडली, तेव्हापासून आमच्याकडे पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) एक भोक दिसलं की पंप खांद्यावर. अळीची लाळ लागली की मका स्वतः एक वास सोडतो आणि त्या वासावर बारीक परजीवी गांधीलमाश्या येऊन अळीच्या अंगात अंडी घालतात. अमेरिकेत 1990 साली हे दाखवून दिलंय. नुसतं ब्लेडनं कापलेलं पान तशी हाक देत नाही, त्या जखमेवर अळीची लाळ लावली की देतं. झाडानं मदत बोलावली आणि आपण घाईनं ती मदतच फवारून मारली, हे बघून मला खरोखर वाईट वाटतं. आधी सरी धरून चाला, 20 झाडांचे पोंगे उघडून बघा. मलूल अळीशेजारी कापसाच्या कणासारखे पांढरे कोष चिकटलेले दिसले तर त्या सरीत फवारा नेऊ नका, चार दिवसांनी परत येऊन बघा.