जोहानाइट दगड समजून हाताळू नका, या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केलीय, म्हणून तिच्यापासूनच सुरू करतो. नमुन्यावर माती दिसली म्हणून सरळ नळाखाली धरला आणि वर जो सुंदर हिरवा पापुद्रा होता तो बघता बघता निम्मा वाहून गेला. नाव खनिज असलं तरी हे मुळात एक मीठच आहे हो, तांबं आणि युरेनियमचं पाणी धरून ठेवणारं सल्फेट. खाणीत पिचब्लेंड या युरेनियमच्या काळ्या खनिजासोबत पायराइटसारखी गंधकवाली खनिजं असतात, हवा-पाणी लागलं की त्यांचं ॲसिड होतं, ते युरेनियम विरघळवतं आणि मग भिंतीवर हे असं फुलून येतं. जे पाण्यातून आलं ते पाण्यात परत जाणारच ना! धूळ असेल तर रबरी फुग्याने हळूच हवा मारा, तोंडाने फुंकू नका, कारण हीच धूळ श्वासात जाणं सगळ्यात वाईट. ब्रश तर नकोच, कडकपणा मोह्‌स स्केलवर जेमतेम 2, म्हणजे नखानेसुद्धा ओरखडा पडतो.

दुसरं, युव्ही टॉर्च मारला, चमकलं नाही, म्हणजे युरेनियम नाही असं ठरवून मोकळं होऊ नका. युरेनोपिलाइट हे युरेनियमचं दुसरं खनिज झकास पिवळं-हिरवं चमकतं हे खरं, पण जोहानाइटमधलं तांबं ती चमक मारून टाकतं. गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र लावा. तोही अर्धंच सांगतो, मॅलाकाइट (तांब्याचं हिरवं खनिज, युरेनियम नसलेलं) बाद होईल पण टॉर्बर्नाइटही हिरवं, त्यातही तांबं-युरेनियम, फक्त ते फॉस्फेट. डोळ्यांनी खात्री होत नाही, प्रयोगशाळेत रामन किंवा एक्स-रे डिफ्रॅक्शन चाचणी करून घ्या. चेकियातल्या याखिमोव्ह या खाणींच्या गावाचं लेबल आहे म्हणून जोहानाइटच असेल असंही नाही. 1830 मध्ये खनिजतज्ज्ञ हायडिंगरने त्याचं वर्णन केलं ते तिथल्याच नमुन्यावरून, ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक योहानचं नाव दिलं, पण त्याच खाणींतून झिपाइट आणि युरेनोपिलाइट ही युरेनियमची दुसरी खनिजंही निघतात.

ठेवायचं कुठे? झाकणाच्या छोट्या डबीत, पण बेडरूममध्ये नाही आणि बंद कपाटात ढीग करून तर अजिबात नाही, खालच्या दगडात पिचब्लेंड असेल तर रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू साठतो. डबी खिडकीजवळ उघडा आणि नंतर हात धुवा. हीटर किंवा तापणाऱ्या दिव्याखाली ठेवू नका, स्फटिकातलं पाणी उडालं की गेलंच.

आणि हो, जुन्या पुस्तकांत जोहानाइटची चव कडू असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे कुणीतरी खरंच चाटलं होतं. तुम्ही नका चाटू.