सुटलेले जनावर परत आणताना या चुका टाळा

गोठ्यातून जनावर सुटल्याचे कळताच घरातील सगळी माणसे काठ्या घेऊन धावत सुटतात, आणि बहुतेक वेळा काम तेथेच बिघडते. दावे तोडून बाहेर पडलेली गाय सुरुवातीला फारशी लांब गेलेली नसते. ती बांधावरचे गवत खात किंवा शेजारच्या गोठ्यासमोर उभी असते. तिला पिटाळतो तो मागून येणारा आरडाओरडा. धावण्यात माणूस गुरांना हरवू शकत नाही, त्यामुळे जनावर आपल्या पायांनी चालत येईल अशी व्यवस्था करणे हाच खरा उपाय आहे. खाली दिलेल्या बहुतेक चुका ही एक गोष्ट नजरेआड झाल्यामुळे घडतात.

का सुटले याचा विचार न करता शोधायला निघणे

जनावर सहसा कशासाठी तरी सुटते आणि कोठे तरी जायला निघालेले असते. माजावर आलेली गाय वळूच्या शोधात जाते, म्हणून ती गावात वळू असेल त्या बाजूला किंवा दुसऱ्या कळपात सापडण्याचा संभव अधिक असतो. व्यायला झालेली गाय नेमके उलट करते. ती माणसांपासून आणि कळपापासून दूर, झुडपांचा किंवा उसाचा आडोसा गाठते. बाजारातून नुकतेच आणलेले जनावर अनेकदा जुन्या घराच्या दिशेने वळते, अशा वेळी शिवार पालथे घालण्याआधी पूर्वीच्या मालकाला एक फोन करावा. म्हशीचे गणित सोपे आहे. तिची कातडी काळी आणि घर्मग्रंथी कमी असल्यामुळे उन्हाचा तिला लवकर त्रास होतो, म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी आधी ओढा, तळे आणि कालवा पाहावा.

डुंबत असलेल्या म्हशीला बाहेर काढण्यासाठी दगड मारणाऱ्यांची संख्या कमी नाही. त्याने ती आणखी खोल पाण्यात जाते. दुभत्या म्हशीला धारेची वेळ झाली की कासेचा ताण जाणवू लागतो आणि ती बहुधा आपण होऊन काठावर येते. रेडकू काठावर आणून बांधले, तर हे काम आणखी लवकर होते.

मागून धावणे आणि चौफेर घेरणे

गायीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे तिला जवळजवळ सगळीकडचे दिसते, फक्त शेपटीच्या बरोबर मागची जागा दिसत नाही. त्या जागेतून अचानक माणूस प्रकटला की ती लाथ झाडते किंवा उधळते. शिवाय प्रत्येक जनावराभोवती एक न दिसणारे रिंगण असते. आपण त्याच्या बाहेर असलो, तर जनावर नुसते पाहत राहते. कडेला पोहोचलो, तर ते हळूहळू चालू लागते. आणि आत घुसलो, तर पळते किंवा अंगावर येते. रोजच्या हाताखालच्या गायीचे हे रिंगण जवळजवळ नसतेच, मोकाट चरणाऱ्या खोंडाचे मात्र बरेच मोठे असते.

हे रिंगण ओळखायचे ते जनावराच्या डोक्यावरून आणि कानांवरून. मान उंच झाली, कान ताठ होऊन आपल्याकडे वळले आणि चरणे थांबले, की आपण कडेला पोहोचलो असे समजून तेथेच उभे राहावे. त्यानंतर दिशा देण्याचे काम खांद्यापासून होते. खांद्याच्या थोडे मागे, बाजूला उभे राहून एक पाऊल जवळ टाकले की जनावर पुढे निघते. खांद्याच्या पुढे गेले की ते थांबते किंवा मागे फिरते. ते चालू लागताच आपण अर्धे पाऊल मागे घ्यावे, म्हणजे चालल्यावर दबाव कमी होतो हे त्याला कळते. दोन शांत माणसांनी एवढे नीट केले, तर दहा माणसांचे कडे करण्याची गरज उरत नाही. चारही बाजूंनी घेरलेल्या जनावराला शेवटी कोणाच्या तरी अंगावरूनच वाट काढावी लागते, आणि गंभीर इजा बहुधा अशाच वेळी होतात.

कुत्र्याला आणि व्हिडिओ काढणाऱ्या मुलांना घरी ठेवावे, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

दुपारच्या उन्हात संकरित गायीला पळवणे हा निव्वळ जिवाशी खेळ आहे. ती जीभ बाहेर काढून धापा टाकू लागली असेल, तर पाठलाग त्याच क्षणी थांबवावा. गाभण जनावराच्या बाबतीत तर अशा धावपळीतून गर्भपाताचाही धोका असतो.

एकट्या जनावराला ओढत आणणे

गुरे कळपात राहणारी असल्यामुळे एकटे पडलेले जनावर सर्वांत जास्त बिथरलेले असते. गोठ्यातील दुसरी शांत गाय किंवा बैलजोडीतील सोबती दाव्याने धरून त्याच्या नजरेच्या टप्प्यात आणावा, आणि ते सोबत्याच्या जवळ आले की दोघांना एकत्र घराकडे चालवावे. भरडा किंवा पेंड रोज ज्या घमेल्यात दिली जाते, तेच घमेले सोबत घ्यावे, कारण त्याचा आवाज जनावराच्या ओळखीचा असतो. हाकही रोजच्या माणसाने आणि रोजच्या स्वरात मारावी.

दोर हाताला गुंडाळणे

कासरा मनगटाला किंवा कमरेला गुंडाळून जनावर रोखण्याची सवय फार वाईट आहे, कारण उधळलेला बैल माणसाला फरफटत नेतो आणि गाठ सुटत नाही. कासरा हातात मोकळा धरावा आणि जवळच्या झाडाला एक वेढा देऊन त्यावर ताण घ्यावा. गळ्यात सरकगाठ टाकणे टाळावे, कारण ओढ बसताच ती आवळत जाऊन श्वास कोंडतो. वेसणीला हिसका दिला तर नाकपुडी फाटते. शक्य असल्यास म्होरकी, म्हणजे तोंडाभोवती बसणारी दोरी, वापरावी. मारक्या वळूच्या बाबतीत मात्र घरगुती शौर्य दाखवू नये. तेथे आधी पशुवैद्यकाला बोलवावे. गुंगीचे इंजेक्शन किती आणि कसे द्यायचे, हे त्यांनीच ठरवावे. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाशी संपर्क साधता येतो.

जनावर महामार्गावर गेले असेल, तर हॉर्न वाजवत मागे गाडी लावण्याऐवजी दोन्ही बाजूंची वाहतूक आधी थांबवावी. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा मदत क्रमांक आहे. रेल्वे रुळाकडे गेल्यास जवळच्या स्थानकाला तत्काळ कळवावे. रात्री विजेरीचा झोत डोळ्यांवर न टाकता पायांपाशी जमिनीवर ठेवावा.

शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या

शेळी ओरडणाऱ्या पिलाकडे येते आणि मेंढी पुढच्या मेंढीमागे जाते, त्यामुळे येथे एक ताब्यात असली की बाकीच्या येतात. मेंढीला लोकरीने धरून ओढू नये, कातडीला इजा होते. कोंबड्यांचा पाठलाग तर करूच नये. अंधार पडल्यावर त्या बसल्या जागी सहज हाती लागतात. बिबट्या किंवा लांडग्यांचा वावर असलेल्या भागात मात्र शेळ्या दिवस मावळण्यापूर्वीच शोधाव्यात.

दुसऱ्याने बांधलेले जनावर भांडून सोडवणे

पिकाचे नुकसान झालेल्या शेतकऱ्याने जनावर बांधून ठेवले किंवा कोंडवाड्यात दिले असेल, तर ते बळजबरीने सोडवून आणू नये. गुरांच्या अतिक्रमणाबाबतच्या १८७१ च्या कायद्यात असे करणे हा गुन्हा ठरवलेला आहे. पोलीस पाटलांना सोबत नेऊन नुकसानीची रक्कम समोरासमोर ठरवावी. कोंडवाड्याचे शुल्क आणि खुराकीचा खर्च भरण्यात दिरंगाईही करू नये, कारण हक्क सांगणारा आला नाही तर जनावराचा लिलाव होऊ शकतो. मालकी दाखवण्यासाठी कानातील बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक सर्वांत उपयोगी पडतो, म्हणून त्याचा फोटो आधीपासूनच मोबाइलमध्ये असावा. व्हॉट्सअॅपवर हरवल्याची माहिती टाकताना एखादी खूण मुद्दाम मागे ठेवावी. जनावर सापडल्याचा खोटा दावा करणारा त्या एका प्रश्नावर उघडा पडतो.

घरी आल्यावर मारणे आणि विसरून जाणे

परत आलेल्या गायीला चोप देणे हा राग काढण्याचा प्रकार आहे. ती त्यातून एवढेच शिकते की गोठ्यात आले की मार बसतो. त्याऐवजी ती कोठे आणि काय खाऊन आली हे पाहावे. कोवळ्या ज्वारीत किंवा कापणीनंतर फुटलेल्या पोंग्यांत शिरली असेल, तर किराळ लागण्याची, म्हणजे कोवळ्या ज्वारीतील विषाची बाधा होण्याची, भीती असते. पोंग्यांतील विषारी घटकामुळे धाप, थरथर आणि तोल जाणे ही लक्षणे काही मिनिटांतही दिसू शकतात, म्हणून डॉक्टरांना लक्षणांची वाट न पाहता बोलवावे. धान्याच्या राशीवर ताव मारलेल्या जनावराला अपचनाचा आणि लसूणघास भरपूर खाल्लेल्याला पोटफुगीचा धोका असतो. डावी कूस फुगलेली दिसली की सकाळपर्यंत थांबू नये. फवारणी केलेल्या कपाशीत गेल्याची शंका असेल, तर औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी.

मोकाट कळपात मिसळून आलेले जनावर लाळ्या-खुरकूत किंवा लम्पीचा संसर्ग घेऊन आलेले असू शकते, त्यामुळे ते किमान दोन आठवडे वेगळे बांधावे आणि तोंड, खूर व कातडी रोज पाहावी. माजावर असताना सुटलेली गाय वळूकडून भरली गेली असण्याची शक्यता गृहीत धरून तारीख लिहून ठेवावी. साधारण एकवीस दिवसांनी ती पुन्हा माजावर येते का हे पाहावे, आणि न आल्यास दोन-तीन महिन्यांनी गाभण तपासणी करून घ्यावी.