चित्रातलं पाणी कितीवर?

कोल्हापुरात पुराचं चित्र भिंतीवर लावलं की माणसं आधी रंग बघत नाहीत, पाणी कितीवर आहे ते बघतात. हे मला शिकताना कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही चौघांनी शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन लावलं तेव्हा कळलं, तेही चारचौघांत.

माझं चित्र प्रयाग चिखलीचं, म्हणजे आमच्याच गावचं. २०१९ चा पूर. ढगांत जीव ओतला होता. गावातली एक मावशी आली, चष्मा नाकावर सारून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पोरा, ह्ये कुठल्या सालचं?"

"एकोणीसचं, मावशी."

"न्हवं. देवळाच्या पायरीला पाणी दावलंयस आन् आमची कौलं बुडवलीयस. पायरीला पाणी असतंय तवा आमच्यात चूल पेटलेली असती."

मागं दोन पोरं फिसकन हसली. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो आणि अर्धा तास आत आलोच नाही.

तुम्ही पुराची निसर्गचित्रं करायला घेताय म्हणजे वॉश (पातळ रंगाचा पसरट थर), टोन (फिकट-गडदपणा), रचना तुम्हाला येत असणार. त्यावर मी बोलत नाही. मी जिथं आपटलो तेवढंच सांगतो, जरा लांबण लागेल.

जमीन वरखाली असते, पाणी नसतं. ऐकायला बाळबोध वाटतं ना? मलाही वाटलं असतं. पण मी चित्र केलं होतं ते व्हॉट्सअपवर फिरलेल्या फोटोंवरून. देवळाचा फोटो पाणी चढायला लागलं त्या दिवशीचा, आमच्या गल्लीचा चौथ्या दिवशीचा, आणि मागचा ऊस कुणीतरी ड्रोनवरून टिपलेला. तीन फोटो, तीन पाणीपातळ्या, एक कागद. रंगांनी सगळं जुळवून घेतलं म्हणून मला पत्ता लागला नाही. ज्याच्या घरात पाणी शिरलं होतं त्याला लगेच लागला.

आता क्षितिजरेषेची गोष्ट. समजा तुम्ही गच्चीवर आहात आणि तुमचा डोळा पाण्यापासून १२ फूट उंच आहे. मग समोरचा विजेचा खांब असो, पलीकडची शाळा असो की लांबचं नारळाचं झाड, क्षितिजरेषा प्रत्येकाला पाण्यापासून १२ फुटांवरच छेदणार. जवळचं-लांबचं काही नाही. एखादा खांब पाण्यावर बरोबर १२ फूट उरला असेल तर त्याचं टोक क्षितिजाला टेकेल, मग तो कुठंही असो. माझ्या चित्रात देवळाला ही रेषा ५ फुटांवर कापत होती आणि मावशीच्या घराला १५ वर. ड्रोनच्या फोटोत तर क्षितिज इतकं वर जातं की तिथून कुठल्याच माणसानं पूर बघितलेला नसतो. पक्ष्याच्या डोळ्यानं काढायचं असेल तर खुशाल काढा, पण मग खाली 'माझ्या घरातून' असं लिहू नका.

यावर माझा उपाय साधा आहे. पुराचं चित्र एप्रिलात सुरू करायचं. गाव कोरडं असताना पायऱ्या, कट्टे, शाळेचं जोतं, रस्त्याचा उतार सगळं स्केचबुकात घ्यायचं. मग भिंतीवरची गाळाची रेघ शोधायची. रंगरंगोटी झालेल्या घरात ती मिळत नाही. गोठ्यात, जिन्याखाली, जुन्या कपाटाच्या पाठीमागं मिळते. ओळखीच्या गवंड्याकडून पारदर्शक नळी आणायची, तिच्यात पाणी भरायचं आणि घरातली रेघ नळीनं टप्प्याटप्प्यानं देवळापर्यंत न्यायची. आम्ही नेली. रेघ देवळाच्या कमानीवर आली. पायरी कुठं आणि कमान कुठं! मावशी बरोबर होती.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा पाणीपातळीचा आकडा मात्र चित्रात जसाच्या तसा घालू नका. ३९ फूट इशारा, ४३ धोका हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या. पण हे माप बंधाऱ्यापाशी, कसबा बावड्यात. चिखली नदीच्या वरच्या अंगाला आहे आणि वाहत्या नदीला उतार असतो. एका नजरेत मावेल तेवढ्या टापूत पाणी सपाट धरा, गाव बदललं की रेघ नव्यानं शोधा.

बाकीचं भराभर सांगतो.

लाटा काढू नका. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते. खाली नृसिंहवाडीला कृष्णा तुंबलेली असली की हिचं पाणी पुढं सरकत नाही, फुगतं. पुलाच्या कमानींपाशी ओढ दिसते, पण शेतात पाणी नुसतं येऊन बसतं. उसाचे शेंडे हलतसुद्धा नाहीत. काळेकुट्ट ढगही दर वेळी लागत नाहीत. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी सुटतं, आणि कधी कधी आमच्याकडं लख्ख ऊन पडलेलं असतं तेव्हाच पाणी चढत असतं. मला विचाराल तर त्या उन्हातलं चित्र जास्त घाबरवतं.

यात आमच्या शिकवणीचाही दोष आहे. जुने चित्रकार आबालाल रहिमान यांच्या कोटितीर्थ तळ्याच्या चित्रांपासून रंकाळा तलावाच्या संध्याकाळीपर्यंत कोल्हापूरच्या चित्रकाराचा डोळा निवांत पाण्यावर पोसलेला. ते काम थोरच आहे, मी कोण बोलणार? पण त्याच डोळ्यानं पूर बघितला की तो सुंदर दिसायला लागतो. माझ्या एका सरांनी पुराच्या चित्रात स्वतःच्या ब्रशनं दोन बगळे टाकले, म्हणाले, "बघ, आता जिवंत झालं." झालं खरं, पण त्यांचं. तुमच्या कागदावर हात मारणारा गुरू असेल तर चित्र पूर्ण झाल्यावरच दाखवा. मीठ टाकून गढूळपणाचा पोत आणणं, दोन दिवसांच्या कार्यशाळेत 'पूर शिकणं' वगैरेंवर माझा काडीचा विश्वास नाही. गाळ चाळून, डिंकात घोटून मीही रंग केला होता. महिनाभरात डबीत बुरशी आली. तरी करून बघा, हाताला त्या मातीचा कण कळतो. फक्त गाळ वापरला म्हणून चित्र खरं झालं असं समजू नका.

रंगाचं म्हणाल तर निळी ट्यूब घरीच ठेवा. चढतं पाणी तांबूस, मुक्काम ठोकलेलं राखाडी, आणि ऊस कुजायला लागला की काळपट. कागद प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळून माळ्यावर ठेवा. सर्द कागदावर वॉश डागाडागानं बसतो आणि पुरात वीज गेलेली असते, त्यामुळं हेअर ड्रायरच्या भरवशावर राहू नका.

आणि पाणी चढत असताना चित्र काढत थांबू नका. हे मी ओरडून सांगतोय असं समजा. २००५ ला आमच्या माडीला पाणी लागलं नव्हतं, त्या भरवशावर आम्ही २०१९ ला थांबलो. बोटीत बसताना आईच्या कडेवर भाचा होता आणि माझ्या काखेत स्केचबुक. बोटीतल्या जवानानं स्केचबुककडं एकदा आणि माझ्याकडं एकदा बघितलं. ती नजर अजून जात नाही. २०२१ ला सूचना आल्या आल्या निघालो. त्या वर्षीचं माझ्याकडं एकही स्केच नाही आणि त्याचं वाईट वाटत नाही.

पैसे? पुराचं चित्र दिवाणखान्यात कोण लावणार? माझं एकही विकलं गेलेलं नाही. शाळेतली चित्रकला शिक्षकाची नोकरी आहे म्हणून चाललंय. पण तुमची पहिली पाच चित्रं फसली तर खचू नका. माझी अकरा फसली होती आणि त्यातल्या चारांत निदान ढग बरे होते.

नळीनं मोजून नव्यानं केलेलं चित्र मी पुढच्या प्रदर्शनाआधी मावशीच्या घरी नेलं. तिनं काचेवर बोट टेकवलं. "हितं आमची चूल." मग बोट पाण्यावरून सरकवत कागदाच्या कडेपर्यंत नेलं. "आन् म्हसरं? रातीत सोनतळीला न्हेली ती कुठं हाईत?"

कागद तिथं संपत होता. आता उजवीकडं दुसरा कागद जोडलाय. सोनतळीच्या रस्त्याची एप्रिलातली स्केचेस झाली आहेत, म्हशी अजून जमत नाहीत.