रात्री मोबाईल हातातून सुटत नसेल तर हे करून बघा

दुकान बंद करून घरी यायचं, जेवायचं, म्हणायचं पाच मिनिटं रील बघू आणि झोपू, आणि घड्याळात बघतोय तर पावणेएक. दोन वर्षं माझं हेच चाललेलं. रोज शपथ घ्यायचो, रोज मोडायचो.

आधी हे का होतं ते बघा. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदीर-कबुतरांवर प्रयोग केले, त्यात दिसलं की दाणा कधी मिळतो कधी नाही असं ठेवलं की जनावर दाण्याची कळ दाबतच राहतं. रीलचं तेच, चार फालतू, पाचवी भारी, आणि मेंदू त्या पाचवीच्या आशेवर बसलेला. डोपामिन डोपामिन म्हणतात ते मेंदूतलं रसायन ह्या आशेवरच जास्त उसळतं. त्यात 2006 साली अझा रास्किन नावाच्या डिझायनरने न संपणारा स्क्रोल काढला, म्हणजे पूर्वी पान संपलं की माणूस थांबायचा तेही गेलं (नंतर त्याला स्वतःलाच पस्तावा झाला, पण आता काय उपयोग). त्यामुळे नुसत्या निश्चयावर जाऊ नका, फोन लांब ठेवा.

माझा चार्जर आता स्वयंपाकघरात, फोन फ्रिजवर. गजरासाठी साधं सेलवालं घड्याळ आणलं, कारण "अलार्म लागतो" हाच उशाशी फोन ठेवायचा सगळ्यात मोठा बहाणा असतो. आई म्हणाली, "फोनला ताप आलाय का रे, फ्रिजवर ठेवलायस ते?"

नोटिफिकेशन फक्त माणसांचे ठेवा. हळदीच्या बाजारभावाचा ग्रुप मला लागतोच, पण सौदे सकाळी निघतात, रात्री अकराला तिथं नुसते गुड नाईटचे फोटो, म्हणून म्यूट. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमधल्या बेडटाइम मोडमध्ये स्क्रीन काळीपांढरी करता येते, तेही करा, रील एकदम मिळमिळीत दिसते.

पहिले तीन-चार दिवस हात आपोआप खिशात जाईल, चिडचिड होईल, होऊ द्या.

आणि एकट्याने करू नका, बायको शेजारी स्क्रोल करत असली की संपलं. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 मध्ये हेच केलं, संध्याकाळी सातला मंदिराचा भोंगा वाजला की दीड तास सगळ्या गावाचे टीव्ही-मोबाईल बंद. आमच्या घरात भोंगा नाही, पण दहा वाजले की पोरगीच ओरडते, "पप्पा, फ्रिज!"