शाळेनंतरचा कुकिंग क्लब काढताय? मग या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पहिल्याच दिवशी बांगडे तळायला घेणं. कढईत तापलेलं तेल, भोवती दहा-बारा भुकेली पोरं आणि वर एसटी चुकायची घाई, नकोच ते. सुरुवात सोलकढीने करा, गॅस लागत नाही आणि प्रत्येकाच्या हाताला काम मिळतं. नारळ त्याच दिवशी खवा, आपल्या दमट हवेत रस पटकन आंबतो. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरणार असाल तर त्यात मीठ असतंच, म्हणून चव बघूनच वरून घाला. भांडं स्टीलचं घ्या, आंबट पदार्थाला अॅल्युमिनियम नको.

मग घावनं. इथे खरी परीक्षा असते आणि ती मुलांची नाही, आपली! पहिलं घावन तव्याला चिकटतं, पोरं हिरमुसतात आणि मदतीला आलेल्या काकी लगेच उलथनं स्वतःच्या हातात घेतात, मग मुलं नुसती बघत उभी, आणि नुसतं बघायला कोण रोज येणार? माझ्या मते क्लब बंद पडतात ते यामुळेच. फाटलं तर फाटू दे, कारण त्यांनाच शोधायला लावा. तवा नीट तापला होता का, पीठ ताकाएवढं पातळ होतं का, घालायच्या आधी तळापासून ढवळलं होतं का, कारण तांदळाचं पीठ खाली बसतं आणि वर नुसतं पाणी राहतं. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचं कामही त्यांनाच द्या.

कोळंबी, तिसऱ्या, काजू, शेंगदाणे यांची कोणाला अॅलर्जी आहे का हे पालकांकडून लिहूनच घ्या. घरी कुठले वार पाळतात तेही विचारा. विळीवर एका वेळी एकच जण, बाजूला मोठं माणूस हवंच. गॅस पेटवणं आणि शेवटी रेग्युलेटर बंद करणं मोठ्यांकडेच.

शाळा जूनमध्ये सुरू होते आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीचे ट्रॉलर बंद, हे विसरून ताज्या मासळीचा मेनू लावू नका. तेव्हा कुळथाची पिठी, सुका जवळा, टाकळ्याची भाजी घ्या, फक्त पोरांनी आणलेली रानभाजी जाणत्या मावशीला दाखवल्याशिवाय चिरायची नाही.

आणि भांडी मुलींनी घासायची, मुलग्यांनी चव घ्यायची असं अजिबात होऊ देऊ नका, चिठ्ठ्या काढा, शेवटची पंधरा मिनिटं त्यासाठीच राखून ठेवा.