सिंहस्थापूर्वी पंचवटीतील घरे, दुकाने व धर्मशाळांनी करावयाची वाय-फायची तयारी

नाशिकच्या सिंहस्थाच्या पर्वण्या २०२७ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत येत आहेत. त्या दिवशी रामकुंड, गौरी पटांगण आणि तपोवन या परिसरात लोटणाऱ्या गर्दीत जवळपास प्रत्येकाच्या हाती मोबाइल असेल. जादा टॉवर उभारता येतात, पण मोबाइल कंपनीच्या वाट्याला आलेला लहरींचा पट्टा त्यामुळे रुंदावत नाही, आणि एकाच जागी फार टॉवर दाटले की ते एकमेकांच्या लहरींत अडथळा आणू लागतात. म्हणून चार भिंतींच्या आत बसलेल्या मोबाइलचे नेट वाय-फायवर नेणे आणि टॉवर घाटावरच्या, चालत्या-फिरत्या माणसांसाठी मोकळा ठेवणे हे काम गोदाकाठच्या रहिवाशांनी आपले मानावे. चुकलेल्या आईला शोधणाऱ्या मुलाचा फोन लागणे त्यावर अवलंबून असते.

घरातला मोबाइल टॉवरवर किती भार टाकतो, याची सहसा कल्पना नसते. टॉवरचा एक विभाग आपली क्षमता त्या क्षणी जोडलेल्या सर्व मोबाइलमध्ये वाटून देतो. ज्याला स्वच्छ रेंज आहे, त्याचे छायाचित्र झटकन जाते. परंतु जुन्या वाड्याच्या जाड भिंतीआड रेंज क्षीण झालेल्या मोबाइलशी टॉवरला सावकाश आणि वारंवार बोलावे लागते, त्यामुळे तेवढ्याच डेटासाठी त्याचा कितीतरी अधिक वेळ खर्च होतो. असा एक मोबाइल वाय-फायवर गेला तर टॉवरची सुटका त्याच्या डेटाच्या प्रमाणापेक्षा जास्त होते. म्हणून आधी आतल्या खोल्या आणि तळमजल्याची दुकाने वाय-फायखाली आणावीत. गच्ची व गॅलरी नंतर पाहता येईल.

सर्वांत आधी आपले वाय-फाय कशावर चालते ते तपासावे. राउटरमध्ये सिम असेल, किंवा घरावर बसवलेला अँटेना ५जी लहरींवरून नेट घेत असेल, तर तुमचा भार टॉवरवरच राहतो, केवळ वाट बदलते. मोबाइलचा हॉटस्पॉट लावल्यानेही हेच होते. दिलासा हवा असेल तर घरापर्यंत फायबरची तार आलेली असली पाहिजे. पर्वणीच्या सुमारास नवी जोडणी मिळवणे अवघड जाईल, म्हणून अर्ज शक्य तितका आधी करावा आणि तार घाटाकडच्या वर्दळीच्या बाजूने न नेता मागच्या बाजूने आत घ्यावी.

राउटर दाराजवळच्या फायबरच्या डब्याशेजारी ठेवण्याची पद्धत सोयीची असली तरी चुकीची आहे. तो घराच्या मध्यभागी, उंचावर, लोखंडी कपाट आणि पाण्याच्या टाकीपासून दूर असावा. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल, म्हणजे पट्ट्याचे उपविभाग, एकमेकांवर न चढता वापरता येतात, म्हणून शेजाऱ्यांनी ते आपसांत ठरवून घ्यावेत आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा बरीच अधिक आहे, मात्र त्याच्या लहरी जाड भिंतीतून फारशा पार जात नाहीत. त्यामुळे वाड्यात एकच शक्तिशाली राउटर बसवण्यापेक्षा तारेने जोडलेले दोन-तीन छोटे अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पसरवणारे डबे, माझ्या मते केव्हाही बरे. गर्दीच्या भागात येथेही रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवण्याचा मोह टाळून २० किंवा ४० वर समाधान मानावे. वेग थोडा उतरेल, पण शेजारच्या चार घरांचे वाय-फायही नीट चालेल.

धर्मशाळा आणि लॉज यांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तेथे एका मजल्यावर शंभर मोबाइल असू शकतात. प्रत्येक मजल्याच्या वाय-फायला निराळे नाव देऊ नये. प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंट आपल्या प्रत्येक नावाची घोषणा सेकंदाला सुमारे दहा वेळा, तीही सर्वांत मंद गतीने करतो, आणि नावे वाढली की हवेतील वेळ घोषणांतच संपतो. पाहुण्यांसाठी एक आणि कार्यालयासाठी एक, एवढी नावे पुरेत. १ आणि २ एमबीपीएसच्या जुन्या गती सेटिंगमधून बंद कराव्यात, पाहुण्यांचे मोबाइल एकमेकांना दिसणार नाहीत अशी सोय चालू ठेवावी आणि प्रत्येकाला वेगाची मर्यादा घालावी. पासवर्डचा क्यूआर कोड प्रत्येक खोलीत लावावा. एसएमएसने ओटीपी मागवणारी पद्धत येथे शक्यतो टाळावी, कारण टॉवर तुंबलेला असताना तो ओटीपीच वेळेवर पोहोचत नाही आणि माणूस वाय-फायच्या दाराशीच अडकतो.

दुकानदारांना येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाय-फाय विकायचे असेल, तर घरगुती जोडणीचा पासवर्ड वाटत बसू नये. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात चहाची टपरीसुद्धा परवाना किंवा नोंदणी शुल्काशिवाय सार्वजनिक डेटा कार्यालय, म्हणजे लोकांना वाय-फाय विकणारे केंद्र, होऊ शकते. ग्राहकाची नोंद आणि पैशांचा हिशेब तिला जोडून घेणारी संस्था पाहते. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या जून २०२५ च्या आदेशानुसार २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर जोडणीसाठी अशा दुकानाला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त आकारता येत नाही. हे मुद्दाम सांगितले, कारण महागड्या लीज्ड लाइनच्या (भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र जोडणीच्या) धास्तीने अनेक जण मागे हटतात.

आता मोबाइलकडे वळू. फोटोंचा बॅकअप आणि अ‍ॅपचे अपडेट ‘फक्त वाय-फायवर’ करावेत, आणि व्हॉट्सअ‍ॅपमधील मोबाइल डेटावरचे आपोआप डाउनलोड बंद करावे. नाशिकचा नकाशा आधीच उतरवून ठेवावा. वाय-फाय किंचित मंदावताच मोबाइल स्वतःहून टॉवरच्या डेटाकडे वळतो, तशी सेटिंग असल्यास ती घरी असताना बंद ठेवावी. त्यानंतर वाय-फाय कॉलिंग चालू करावे, म्हणजे घरातले साधे कॉलही फायबरवरून जातील. धर्मशाळेने फायरवॉल, म्हणजे नेटवरची ये-जा अडवणारी सुरक्षा, लावली असेल तर तिच्या सेटिंगमध्ये यूडीपीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट (ये-जा करण्याच्या वाटा) खुले ठेवावे लागतात, नाहीतर हे कॉल लागतच नाहीत.

वीज गेली की परिसरातील सर्व राउटर एकाच क्षणी बंद पडतात आणि तेवढे सगळे मोबाइल टॉवरवर कोसळतात. फायबरचा डबा आणि राउटर या दोहोंना बॅटरीचा आधार द्यावा; केवळ राउटरला दिला तर त्याचा काही उपयोग होत नाही. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात, तरी यूपीएस घेण्यापूर्वी अ‍ॅडॉप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्यावेत.

या सगळ्याची परीक्षा पर्वणीवर सोडू नये. चैत्रातील कामदा एकादशीला श्रीरामाचा आणि गरुडाचा रथ निघतो, तेव्हा पंचवटीत पुरेशी गर्दी असते. त्या सायंकाळी प्रत्येक खोलीत जाऊन वाय-फायवरून एक कॉल लावावा, मुख्य स्विच दहा मिनिटे बंद करून पाहावा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये त्या दिवशी टॉवरवरून किती डेटा गेला ते नोंदवावे. ज्या खोलीतील मोबाइलवर हा आकडा मोठा निघेल, तेथे पुढचा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवावा.