धुऱ्यावरची फुलं सरसकट मारू नका

पोळा झाला, जरा उघाड मिळाली की नागपूरच्या काटोल, सावनेर, नरखेडकडं धुरे, म्हणजे शेताचे बांध, साफ करायची घाई सुरू होते. पंप पाठीवर घेतला, तणनाशक मारलं, चार दिवसांत धुरा वाळून गेला. यंदा पंप उचलण्याआधी सकाळी नऊच्या सुमारास दहा मिनिटं धुऱ्यावर बसा.

कंबरमोडी या तणाच्या फुलावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची बारीक माशी हवेत एकाच जागी तरंगताना दिसेल. गांधीलमाशी समजून हाकलू नका, ती डंख मारत नाही. ही सिरफिड माशी. स्वतः मध आणि पराग खाते, पण अंडी घालते माव्याजवळ, म्हणजे पिकाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीजवळ, आणि तिची बिनपायाची अळी मावा शोषून फस्त करते. फुलं गेली की माशी जाते, आणि पऱ्हाटीवरचा (कपाशीवरचा) मावा आपल्या फवारणीच्या खर्चात येतो. तरोट्याच्या (टाकळ्याच्या) पिवळ्या फुलांवर घोंगावणारे मोठे काळे भुंगे पुढं तुरीच्या फुलोऱ्यातही परागीभवनाला हातभार लावताना दिसतील. म्हणून कंबरमोडी, कुर्डू, तरोटा तूर्त राहू द्या. तरोट्याच्या शेंगा पिकण्याआधी विळा लावा, म्हणजे बी वावरात पसरणार नाही.

गाजरगवताला मात्र दया नको. त्यावर आणि पेठारी या तणावर पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी पिठासारखी रसशोषक कीड, पोसतो, तिथून पऱ्हाटीत उतरतो. फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटा.

संत्रा बागायतदारांनी कुंपणावरची गुळवेल आणि वासनवेल आताच काढावी. रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या याच वेलींवर वाढतात. पतंग रात्री येतो, रंग धरू लागलेल्या आंबिया बहाराच्या (हिवाळ्याअखेर फुललेल्या) फळात सोंड खुपसतो. सकाळी टाचणीएवढं छिद्र दिसतं, भोवतालची साल मऊ पडते आणि फळ गळतं. गळलेली फळं झाडाखाली सडू देऊ नका, रोज वेचून खोल पुरा.

पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. न उमलता पाकळ्या गुंडाळून राहिलेलं फूल दिसलं तर ती डोमकळी. उकलून बघा, आत गुलाबी बोंडअळी सापडेल. अशी फुलं तोडून नष्ट करा. हेक्टरी 5 कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे, लावा. सलग 3 रात्री दर सापळ्यात 8 पतंग आले तरच औषधाचा विचार करा, आणि फवारणी ऊन उतरल्यावर करा. तोवर मधमाश्या पोळ्यात परतलेल्या असतात.